बांगड्या आधी अडल्या, ताप नंतर आला : निफाड तालुक्यातील एका संधिवाताचे प्रकरण

या टिपणातील रुग्णाची नोंद माझ्या वहीत पहिल्यांदा चुकीच्या रकान्यात झाली होती, आणि ती मीच केली होती. नाशिकमध्ये सांधेविकारांचे रुग्ण तपासताना, ताप येऊन गेल्यावर ज्यांचे सांधे धरले अशांच्या नोंदी मी गेली काही वर्षे वेगळ्या ठेवते. या वहीत दोन मुख्य रकाने आहेत. पहिला चिकुनगुन्यानंतर रेंगाळलेल्या सांधेदुखीचा आणि दुसरा रुमॅटॉइड आर्थ्रायटिसचा, म्हणजे ज्या संधिवातात शरीराची प्रतिकारशक्ती स्वतःच्याच सांध्यांच्या अस्तरावर उलटते त्याचा. पहिल्यातले बहुतेक रुग्ण काही आठवड्यांत किंवा महिन्यांत बरे होतात आणि त्यांना वेदनाशामक गोळ्या, व्यायाम व धीर एवढे पुरते. दुसऱ्यातल्या रुग्णाला वेळेवर योग्य औषध मिळाले नाही तर हाडाची कड कुरतडली जाते आणि ती पुन्हा भरून येत नाही. रुग्णाच्या संमतीने हे लिहीत असून तिची ओळख पटेल असे तपशील वगळले आहेत.

बाई छत्तीस वर्षांच्या, निफाड तालुक्यातल्या. घरची जमीन थोडी, तीही कांद्याची. वर्षाचे मुख्य उत्पन्न द्राक्षबागेतल्या मजुरीचे. बायकांच्या टोळीबरोबर एकराप्रमाणे उक्ते काम घ्यायचे, ऑक्टोबरच्या छाटणीपासून सुरुवात करायची आणि मग फेलफुटी म्हणजे नको असलेले फुटवे काढणे, घड औषधात बुडवून डिपिंग करणे, बारीक कात्रीने मण्यांची विरळणी करणे असे करत उन्हाळ्याच्या तोंडाशी काढणीपर्यंत पोहोचायचे. हे सगळे काम बोटांचे आहे. उजव्या हातात कात्री, डाव्या हातात घड किंवा काडी, दोन्ही हात डोक्याच्या उंचीला, आणि असे दिवसाचे आठ तास. त्यामुळे या पट्ट्यातून आलेली बाई ‘बोटं दुखतात’ म्हणाली की तपासणाऱ्याच्या मनात कामाचा ताण हे कारण आपोआप पुढे येते, आणि बहुतेक वेळा ते बरोबरही असते. अंगठ्याच्या मुळाशी झालेली झीज, बोट अडकून खटकन सुटणे, मनगटातली नस दबल्याने रात्री हाताला येणाऱ्या मुंग्या हे सगळे मी विरळणीच्या दिवसांत नेहमी पाहते.

श्रावणात त्या पतीबरोबर पहिल्यांदा आल्या, तेव्हा त्यांनी कारणही सोबतच आणले होते. सुमारे दोन वर्षांपूर्वी, गणपतीनंतर, त्यांना जोराचा ताप आला, अंगावर पुरळ उठले आणि सांधे असे धरले की चार दिवस अंथरुणातून उठता आले नाही. त्या वेळच्या तपासणीत चिकुनगुन्याची आयजीएम चाचणी, म्हणजे ताजा संसर्ग दाखवणारी रक्तचाचणी, सकारात्मक होती आणि तो अहवाल प्लॅस्टिकच्या पिशवीत जपून ठेवलेला होता. त्याच पिशवीत युरिक ॲसिडचा अहवाल होता, तो ठीक होता. संधिवातासाठी नेहमी करतात त्या ऱ्हुमॅटॉइड फॅक्टर या रक्तचाचणीचा होता, तोही नकारात्मक होता. आणि गुडघ्याचा एक्स-रे होता, त्यात सांगण्यासारखे काही नव्हते. ‘तेव्हापासनं हा चिकनगुनियाचा वात अंगात राह्यलाय,’ असे पतींनी एका वाक्यात सांगितले. हात पाहिले, सूज फारशी दिसली नाही. मी पहिल्या रकान्यात नोंद केली आणि साध्या गोळ्या लिहून दिल्या.

असे लिहिण्यामागे या जिल्ह्याचा इतिहास होता. महाराष्ट्रात १९७३ साली बार्शीत चिकुनगुन्याची मोठी साथ येऊन गेली, आणि त्यानंतर सुमारे तीन दशके हा आजार देशातून जवळपास दिसेनासा झाला. तो २००५ च्या अखेरीस परतला. २००६ साली मालेगावसह नाशिक जिल्ह्यात, मराठवाड्यात आणि दक्षिणेतल्या राज्यांत घरेच्या घरे आजारी पडली. पुण्याच्या राष्ट्रीय विषाणू संस्थेने तेव्हाचे विषाणू तपासले असता ते जुन्या साथीतल्या आशियाई प्रकाराचे नसून आफ्रिकेतल्या प्रकाराचे निघाले. आजाराचे नावही आफ्रिकेतलेच आहे. टांझानियातल्या माकोंदे लोकांच्या भाषेत त्याचा अर्थ ‘वाकवून टाकणारा’ असा होतो. ज्या जिल्ह्याने २००६ पाहिले, तिथे तापानंतरच्या प्रत्येक सांधेदुखीला लोक हेच नाव देतात आणि डॉक्टरही ते सहज स्वीकारतात. मीही स्वीकारले.

तीन आठवड्यांनी, पितृपक्षात, त्या पुन्हा आल्या. या वेळी सोबत पतींऐवजी मोठी जाऊ होती. बाईंना रिक्षातून उतरताना हाताला धरावे लागले. दोन्ही मनगटे सुजलेली, बोटांची मधली पेरे फुगीर, मूठ वळत नव्हती. तीन आठवड्यांत एवढे काय बदलले, याचे उत्तर जाऊबाईंनी दिले: ‘पुड्या संपल्या ना हिच्या.’ पहिल्या भेटीत या पुड्यांचा उल्लेखच झाला नव्हता. वर्षभराहून अधिक काळ त्या जवळच्या एका ठिकाणाहून कागदाच्या पुडीत बांधलेल्या सुट्या गोळ्या आणत होत्या, सकाळ-संध्याकाळ. देणारी व्यक्ती काही दिवस बाहेरगावी गेली, गोळ्या संपल्या, आणि चौथ्या दिवशी सांध्यांनी उचल खाल्ली. पुडीवर नाव नसते, त्यामुळे आत काय होते ते सिद्ध करता येणार नाही; पण दुसऱ्याच दिवशी पडणारा उतार, वर्षभरात गोल झालेला चेहरा (गावात ‘तब्येत सुधारली’ असे त्याचे कौतुक झाले होते) आणि बंद होताच उसळलेला आजार ही तिन्ही लक्षणे स्टेरॉइडकडे बोट दाखवतात. श्रावणात मी जे हात पाहिले ते औषधाने झाकलेले हात होते.

स्टेरॉइडचा हा स्वभाव नवा नाही. १९४८ साली अमेरिकेतल्या मेयो क्लिनिकमध्ये फिलिप हेंच आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी संधिवाताच्या एका रुग्णाला कॉर्टिसोन या स्टेरॉइडची पहिली इंजेक्शने दिली, आणि काही दिवसांत ती बाई चालू-फिरू लागली. १९५० साली हेंच, केंडाल आणि राइखश्टाइन यांना त्यासाठी नोबेल मिळाले. औषध थांबताच आजार परततो आणि जास्त दिवस घेतले तर शरीर त्याची वेगळी किंमत वसूल करते, हेही त्याच वर्षांत उमगले होते. पुडीतल्या औषधाचा खरा दोष मला वेगळाच वाटतो. ते आराम देते, आणि आराम पडला की निदान शोधण्याचे कारणच उरत नाही.

आता मुद्दा होता ताप आणि सांधेदुखी यांच्या क्रमाचा. माझ्या प्रश्नावलीत ‘सांधेदुखी कधी सुरू झाली?’ असा साधा प्रश्न आहे, आणि त्याला बाईंचे उत्तर ‘तापानंतर’ हेच होते, तेही प्रामाणिक. माणूस दुखण्याची तारीख मोठ्या घटनेला बांधतो. चार दिवस अंथरुणाला खिळवणारा ताप ही मोठी घटना होती. त्याआधीचे बारीक दुखणे तिच्या सावलीत गेले. मी सहज विचारले, ‘ताई, तापाच्या आधी हाताला काही त्रास?’ त्या नाही म्हणाल्या. जाऊबाई मात्र म्हणाल्या, ‘अगं, सोनीच्या लग्नात कासाराने किती खटपट केली ते विसरलीस का?’

पुतणीचे लग्न वैशाखातले. आदल्या दिवशी कासार घरी आला होता, सगळ्या बायकांनी हिरवा चुडा भरला. बाईंचे नेहमीचे माप हातात जाईना. कासाराने पंजा आवळून बांगडी सरकवायचा प्रयत्न केला तेव्हा त्या ओरडल्या. अखेर एक माप मोठ्या बांगड्या घातल्या आणि त्या मनगटात खुळखुळत राहिल्या म्हणून घरात थट्टाही झाली. वैशाख म्हणजे तापाच्या चार महिने आधी. पुढे बोलता बोलता जोडव्यांचेही निघाले. चवडा दुखतो म्हणून त्यांनी आषाढात पायातली जोडवी काढून ठेवली होती, आणि सवाशिणीने जोडवी काढली यावरून सासूबाईंशी बोलाचाली झाली होती. ही तारीख घरातले कोणीच विसरले नव्हते. फक्त ती आजाराची तारीख आहे असे कोणाला वाटले नव्हते.

कासाराने जे केले ती आमचीच तपासणी आहे. तळहात जिथे संपतो आणि बोटे सुरू होतात तिथल्या सांध्यांची ओळ दोन्ही बाजूंनी हलकेच दाबायची, आणि रुग्ण कळवळला तर अस्तराला दाह आहे असे समजायचे. पायाच्या चवड्यावर तीच तपासणी करतात. रुमॅटॉइड आर्थ्रायटिस याच ओळीतून, मनगटातून आणि बोटांच्या मधल्या पेरांतून सुरुवात करतो व टोकाच्या पेरांना सहसा सोडून देतो. वयोमानाच्या झिजेत नेमकी टोकाची पेरे गाठाळतात. बाईंची टोकाची पेरे साफ होती. दुसरी खूण डाव्या-उजव्याची. कात्री उजव्या हातात असते, तेव्हा कामाच्या ताणाने उजवा हात जास्त बिघडायला हवा; इथे दोन्ही हात सारखेच सुजले होते आणि दोन्ही चवडेही. पायाने कोणी विरळणी करत नाही.

सकाळच्या आखडण्याविषयीचा आमचा छापील प्रश्न ‘किती मिनिटे?’ असा आहे. त्याला बाईंकडे उत्तर नव्हते, कारण पहाटे पाचला उठणारी बाई घड्याळ पाहून आखडत नाही. मग भाकरीवरून विचारले. पूर्वी त्या उठल्याबरोबर चूल पेटवून भाकऱ्या थापत. आता आधी झाडलोट, मग पाणी तापवून त्यात हात बुडवून बसणे, मग चहा, आणि साडेसहाच्या पुढे पीठ मळण्याइतके हात सुटतात. थापण्याचे काम तर मुलीकडेच गेले आहे. म्हणजे दीड तास. झिजेच्या दुखण्यात ही आखडण सहसा अर्ध्या तासात सुटते. रुमॅटॉइड आर्थ्रायटिस ओळखण्याच्या १९८७ च्या निकषांत सकाळी किमान तासभर आखडणे हा सातांपैकी एक निकष होता. २०१० च्या नव्या निकषांतून तो वगळला गेला. त्यामागचे संशोधकांचे तर्क मला मान्य आहेत. तरीही माझ्या ओपीडीत हा प्रश्न मी सोडणार नाही.

चाचण्यांनी पुढचे काम केले. ईएसआर, म्हणजे शरीरातला दाह दाखवणारी रक्तचाचणी, ६२ होता. ऱ्हुमॅटॉइड फॅक्टर पुन्हा नकारात्मक. अँटी-सीसीपी हे या आजारात सापडणारे दुसरे प्रतिद्रव्य मात्र, ज्याची प्रयोगशाळेतली मर्यादा २० होती, ते २०० च्या वर. हातांचा एक्स-रे ठीक दिसला. पायांचा एक्स-रे आजवर कोणी काढलाच नव्हता, कारण आपल्याकडे सांधेदुखी म्हटली की फिल्म गुडघ्याची निघते. तो काढला तेव्हा उजव्या पायाच्या करंगळीच्या मुळाशी हाडाची कड कुरतडलेली दिसली. या आजाराची पहिली खूण पुष्कळदा तिथेच सापडते.

ऱ्हुमॅटॉइड फॅक्टर नकारात्मक म्हणजे संधिवात नाही, असा समज अजून घट्ट आहे, म्हणून थोडे सांगायला हवे. ही चाचणी नॉर्वेतल्या वालर यांच्या १९४० च्या आणि पुढे रोज यांच्या १९४८ च्या निरीक्षणांवर उभी आहे. २००७ साली अनेक अभ्यास एकत्र करून केलेल्या विश्लेषणात तिची संवेदनशीलता (खऱ्या रुग्णांपैकी किती पकडते) ६९ टक्के आणि विशिष्टता (आजार नसलेल्यांपैकी किती जणांना बरोबर नकार देते) ८५ टक्के निघाली; अँटी-सीसीपीची अनुक्रमे ६७ आणि ९५. याचा सरळ अर्थ असा की दोन्ही चाचण्या सुमारे एकतृतीयांश रुग्णांना हुकतात, पण अँटी-सीसीपी सकारात्मक आली तर ती उगीच आलेली असण्याची शक्यता बरीच कमी असते. विषाणूच्या तापानंतर ऱ्हुमॅटॉइड फॅक्टर काही काळ सकारात्मक येऊ शकतो, त्यामुळे आमच्या पट्ट्यात त्याच्या होकारावरही डोळे मिटून विसंबता येत नाही.

२०१० च्या निकषांत दहापेक्षा जास्त सांध्यांना, त्यांत लहान सांधे असल्यास, ५ गुण. ऱ्हुमॅटॉइड फॅक्टर किंवा अँटी-सीसीपी मर्यादेच्या तिपटीहून वर असल्यास ३. ईएसआर किंवा सीआरपी ही दाहाची दुसरी चाचणी वाढल्यास १. दुखणे सहा आठवडे किंवा त्याहून जुने असल्यास १. सहा गुणांना आजार मानतात. बाईंचे दहा भरले. मात्र हे निकष लावण्याआधी सुजेला दुसरे कारण नाही याची खात्री करावी लागते, कारण चिकुनगुन्याचा रुग्णही सांध्यांच्या संख्येवर आणि मुदतीवर सहज सहा गुणांपर्यंत पोहोचतो. म्हणूनच बांगड्यांच्या साक्षीला वजन आहे.

चिकुनगुन्याने आधीच सुरू असलेला आजार भडकवला का? बाईंच्या तापाआधीचे रक्त कुठेही साठवलेले नाही, तेव्हा या एका प्रकरणातून ते ठरणार नाही. हॉलंडमध्ये मात्र अशी सोय होती. तिथे पुढे संधिवात झालेल्या ७९ रक्तदात्यांचे जुने नमुने २००४ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात तपासले गेले, तेव्हा जवळपास निम्म्यांच्या रक्तात लक्षणे दिसण्याआधीच, मध्यक साडेचार वर्षे आधी, ऱ्हुमॅटॉइड फॅक्टर किंवा अँटी-सीसीपी ही प्रतिद्रव्ये सापडली. आजार दाराशी येण्याआधी बराच काळ रक्तात वावरत असतो, हे लक्षात घेतले तर वैशाखातली बांगडीदेखील उशिराचीच खूण ठरते.

उपचार ठरवताना औषधांपेक्षा पंचांगावर जास्त वेळ गेला. ऑक्टोबरची छाटणी तीन आठवड्यांवर होती आणि टोळीतले नाव गेले तर हंगाम गेला. यकृत, मूत्रपिंड, कावीळ ब व क आणि छातीचा एक्स-रे पाहून मेथोट्रेक्सेट हे या आजाराचे मुख्य औषध आठवड्याला १० मिलिग्रॅमने सुरू केले. कुटुंब नियोजनाची शस्त्रक्रिया झालेली होती, नाही तर या औषधावर गर्भधारणा टाळण्याची चर्चा आधी करावी लागली असती. जोडीला हायड्रॉक्सिक्लोरोक्वीन आणि डोळ्यांची तपासणी. स्टेरॉइड एकदम तोडणे धोक्याचे असल्याने प्रेडनिसोलोन हे स्टेरॉइड कमी मात्रेत, उघड नावाने, हिशेबाने सुरू करून चार महिन्यांत उतरवत नेले.

मेथोट्रेक्सेट आठवड्यातून एकदाच घ्यायचे असते आणि चुकून रोज घेतले तर जिवावर बेतते. त्यामुळे वार ठरवणे ही गौण बाब नव्हे. आम्ही बाजाराची आदली रात्र निवडली: दुसऱ्या दिवशी टोळीला सुट्टी, तेव्हा मळमळ झाली तरी मजुरी बुडत नाही. फॉलिक ॲसिडची गोळी त्यानंतर दोन दिवसांनी. गोळी एकाच ताकदीची दिली, कारण अडीच आणि दहा मिलिग्रॅमच्या गोळ्या घरात एकत्र असल्या की घोटाळा होतो. या औषधाच्या मागे आपल्याच देशातले एक नाव आहे. भीमावरमचे यल्लाप्रगडा सुब्बाराव आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अमेरिकेत फॉलिक ॲसिड व त्याच्या विरोधी द्रव्यांवर केलेल्या कामातून ही शाखा फुटली; कर्करोगासाठी आलेले औषध कमी मात्रेत संधिवाताला चालते हे १९८० च्या दशकातल्या चाचण्यांनी नीट दाखवले आणि १९८८ साली अमेरिकेत त्याला या आजारासाठी मान्यता मिळाली.

पथ्याचाही निकाल लावावा लागला. आमवात म्हणजे आंबट वर्ज्य, या समजुतीने घरच्यांनी त्यांचे दही, चिंच, लिंबू बंद केले होते, आणि त्याच ओघात द्राक्षेही. दोन हंगाम बागेत घड कापत राहिलेल्या बाईने मणी तोंडात टाकला नव्हता. खायला हरकत नाही असे सांगितल्यावर त्या जेवढ्या मोकळ्या हसल्या तेवढ्या गोळ्यांनी आराम पडल्यावरही हसल्या नाहीत.

सहा महिन्यांनी, मार्चमध्ये, मेथोट्रेक्सेट २० मिलिग्रॅमवर होते. सुरुवातीला २८ सांध्यांच्या मोजणीत १२ दुखरे आणि ८ सुजलेले होते व आजाराची तीव्रता सांगणारा निर्देशांक ६.५ होता; आता २ आणि १, ईएसआर २४, निर्देशांक ३.६. तीव्र आजार ५.१ च्या वर धरतात आणि सौम्य ३.२ वा त्याखाली, म्हणजे अजून उद्दिष्ट गाठलेले नाही. या मोजणीत पायाचा एकही सांधा नाही. ज्या बाईच्या हाडाची कुरतड चवड्यात सापडली आणि जी दिवसभर नांगरटीतल्या ढेकळांवर उभी असते, तिच्या पायांना हा जगभर वापरला जाणारा निर्देशांक विचारतच नाही. मी चवडे दाबून पाहिले तेव्हा उजवा अजून दुखत होता. म्हणून पायांची नोंद वेगळी ठेवते आहे.

वहीत त्यांचे नाव दुसऱ्या रकान्यात गेले आहे. पहिल्या रकान्यातल्या बाकीच्या नोंदीही मी आता एकेक करून पुन्हा तपासते आहे, आणि प्रश्नावलीत ‘सांधेदुखी कधी सुरू झाली?’ याच्या आधी तीन प्रश्न घातले आहेत: बांगड्यांचे माप कधी बदलले, अंगठी किंवा जोडवी कधी काढली, भाकरी कोण थापते. पुरुषांसाठी अजून तसे प्रश्न सापडलेले नाहीत. सिकेटरची (छाटणीच्या कात्रीची) मूठ आणि फटफटीचा क्लच यांवरून विचारून पाहते आहे. पायांचा पुढचा एक्स-रे एप्रिलमध्ये काढायचा आहे, काढणी आणि खरड छाटणी यांच्या मध्ये मुकादम दोन दिवस देईल तेव्हा.